निरोप पोंचविणाऱ्या यंत्रणेची परीक्षा

निरोप धाडणारा आणि निरोप घेणारा हे दोघे एकाच क्षणीं समोरासमोर असलेच पाहिजेत, ही अट ज्या दिवशीं सुटली त्या दिवशीं टपालाचा जन्म झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. लिहिणारा पत्र पेटींत टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. ज्याला तें जावयाचें तो त्या वेळीं शेतावर असो, झोपलेला असो किंवा परगांवीं गेलेला असो, पत्र त्याची वाट पाहत राहतें. संगणकांच्या जगांत हीच सोय करून देणारी जी यंत्रणा आहे, तिला 'मेसेजिंग मिडलवेअर' असें म्हणतात. मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांचा कारभार एका संगणकावर चालत नाहीं. तो अनेक संगणकांवर आणि अनेक गांवीं विभागलेला असतो, आणि त्या सर्वांमध्यें निरोपांची ने-आण ही यंत्रणा करते. तिच्यासाठीं आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, लिहिणाऱ्यांच्या ज्ञानाची कसोटी घेणाऱ्या प्रमाणपत्र-परीक्षा असतात. पुण्यामुंबईकडील कित्येक मराठी तरुण दिवसाची नोकरी सांभाळून रात्रीं असल्या परीक्षांचा अभ्यास करीत बसतात. ही परीक्षा मुळांत काय पाहते, तिची तयारी कशी करावी, आणि उत्तीर्ण होणें व विषय समजणें या दोहोंत अंतर पडलें तर त्याची किंमत कोणास द्यावी लागते, हा या विवेचनाचा विषय आहे.

अशा यंत्रणा अनेक आहेत. त्यांपैकीं आय. बी. एम्. कंपनीची 'एमक्यू' ही फार वर्षें रूढ असलेली यंत्रणा उदाहरणादाखल घेणें सोयीचें होईल. इंग्लंडांत विंचेस्टर शहराजवळ हर्स्ली नांवाचें एक खेडें आहे. तेथील प्रयोगशाळेंत तिचा विकास झाला. १९९३ सालीं ती 'एमक्यू सिरीज' या नांवानें बाजारांत आली, २००२ सालीं तिला 'वेबस्फिअर एमक्यू' हें नांव मिळालें, आणि २०१४ पासून ती 'आय. बी. एम्. एमक्यू' म्हणून ओळखली जाते. नांवें तीन झालीं तरी वस्तु एकच आहे. तेव्हां जुन्या पुस्तकांत एक नांव आणि नव्या विषयपत्रकांत दुसरें नांव पाहून विद्यार्थ्यानें गोंधळून जाण्याचें कारण नाहीं. तिच्या मूळ आज्ञा प्रारंभीं होत्या त्याच आजहि आहेत, आणि म्हणून ज्यानें मूळ तत्त्वें एकदां नीट समजून घेतलीं त्याचा अभ्यास नवी आवृत्ति निघाली म्हणून वायां जात नाहीं.

या यंत्रणेंतील मध्यवर्ती वस्तु म्हणजे 'क्यू', अर्थात् रांग. एक आज्ञावली रांगेंत संदेश ठेवते आणि दुसरी तो काढून घेते. रांगांची मालकी 'क्यू मॅनेजर' या व्यवस्थापकाकडे असते. संदेश स्वीकारणें, सांभाळणें, मागणाऱ्याच्या हातीं देणें आणि परगांवचा असेल तर पुढें धाडणें हें सर्व काम तो करतो. आज्ञावलीनें त्याच्याशीं कसें वागावयाचें याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम 'एमक्यूकॉन' या आज्ञेनें त्याच्याशीं संबंध जोडावयाचा. 'एमक्यूओपन'नें हवी ती रांग उघडावयाची. 'एमक्यूपुट'नें संदेश ठेवावयाचा किंवा 'एमक्यूगेट'नें काढावयाचा. 'एमक्यूक्लोज'नें रांग मिटावयाची आणि 'एमक्यूडिस्क'नें संबंध सोडावयाचा. ग्रंथालयांत शिरणें, कपाट उघडणें, पुस्तक ठेवणें वा घेणें, कपाट लावणें आणि बाहेर पडणें, असा हा क्रम आहे. तो ज्याच्या अंगवळणीं पडला त्याला अर्धे प्रश्न परके वाटत नाहींत.

प्रत्येक आज्ञेला व्यवस्थापक दोन उत्तरें देतो. पहिलें, काम झालें, सावधगिरीच्या सूचनेसह झालें, कीं फसलें. आणि दुसरें, त्याचें कारण. हीं कारणें अंकांनीं सांगितलेलीं असतात. २०८५ म्हणजे त्या नांवाची वस्तु सांपडली नाहीं. २०३५ म्हणजे परवानगी नाहीं. २०५३ म्हणजे रांग भरली. २०३३ म्हणजे देण्याजोगा संदेश सध्यां नाहीं. विद्यार्थी हे अंक पाढ्यांसारखे पाठ करतात, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु पाढा पाठ असणें आणि हिशेब येणें यांत जें अंतर आहे तेंच येथेंहि आहे. उदाहरणार्थ, २०३३ हा बहुतेक वेळीं दोषच नव्हे. टपालपेटी उघडली आणि आंत पत्र नव्हतें, तर पेटी मोडली असें कोणी म्हणत नाहीं. ज्या आज्ञावलीनें २०३३ पाहतांच घाबरून काम बंद केलें, तिच्या लेखकाला अंक ठाऊक होता, अर्थ ठाऊक नव्हता.

रांगांचे प्रकारहि परीक्षेंत हटकून विचारले जातात. 'लोकल' रांगेंतच संदेश खरोखर राहतात. 'अलायस' हें केवळ दुसरें नांव आहे. 'रिमोट' ही परक्या व्यवस्थापकाकडील रांगेचा पत्ता सांगणारी नोंद आहे. ती स्वतः पेटी नव्हे. 'मॉडेल' हा सांचा असून तो उघडला असतां त्यावरून नवी रांग तयार होते. आतां, "रिमोट रांगेंतून संदेश काढतां येईल काय?" असा प्रश्न आला तर पाठांतराची गरजच उरत नाहीं. जी पेटी नसून केवळ पत्ता आहे, तींतून पत्र निघणार कसें? आज्ञावली ज्या व्यवस्थापकाशीं जोडलेली आहे त्याच्याच ताब्यांतील रांगेंतून ती संदेश काढूं शकते, हें उत्तर व्याख्येंतच दडलेलें आहे.

संदेशाचे दोन भाग असतात: आंतील मजकूर आणि बाहेरचें पाकीट. पाकिटावर संदेशाची ओळख असते, संबंध दाखविणारी खूण असते, उत्तर कोणत्या रांगेंत धाडावें हें असतें, ० पासून ९ पर्यंतची अग्रता असते, आणि संदेश किती काळ जगावा हेंहि असतें. ओळख आणि संबंधाची खूण हीं दोन्ही प्रत्येकीं २४ बाइटांचीं असतात. प्रश्नोत्तराच्या व्यवहारांत उत्तर देणाऱ्यानें प्रश्नाची ओळख उचलून उत्तराच्या संबंध-खुणेंत लिहावी, असा सामान्य संकेत आहे. त्यामुळें शेंकडों उत्तरें एकाच रांगेंत आलीं तरी विचारणारा आपलें उत्तर बरोबर ओळखून काढतो. कचेरींतील उत्तरावर "आपल्या अमुक क्रमांकाच्या पत्रास अनुसरून" असें लिहिण्याची जी रीत आहे, तिचेंच हें रूप होय.

येथेंच एक खाच आहे, आणि ती परीक्षकाला फार प्रिय आहे. संदेशाचें आयुष्य सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजतात. संदेशाची वाट किती पाहावी हें मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. तीस सेकंदांसाठीं पहिल्या ठिकाणीं ३०० लिहावें लागतें आणि दुसऱ्या ठिकाणीं ३०,०००. घाईंत दोन्हीकडे ३० लिहिणाऱ्याचा संदेश तीन सेकंदांत मरतो, आणि वाट पाहणारा तर सेकंदाच्या तेहतिसाव्या भागांतच कंटाळून उठतो. दिवसां ताण कमी असतांना हें लपून राहतें. सणासुदीच्या गर्दींत जेव्हां उत्तराला पांच सेकंद लागूं लागतात, तेव्हां उघडकीस येतें.

या विषयाचें खरें गांभीर्य दाखविण्यासाठीं एक कल्पित प्रसंग घेतां येईल. पुण्यांत नोकरी करणाऱ्या एका मुलानें रत्नागिरीस असलेल्या आईच्या औषधपाण्यासाठीं पांच हजार रुपये धाडले. त्याच्या खात्यांतून रक्कम वजा झाली, आणि आईच्या खात्यांत ती जमा करण्याचा संदेश निघाला. संदेश रांगेंत असतांना व्यवस्थापक चालविणारें यंत्र बंद पडून पुनः सुरू झालें. संदेश राहील कीं जाईल? याचें उत्तर 'पर्सिस्टन्स' या एका गुणावर अवलंबून आहे. टिकाऊ संदेशाची नोंद व्यवस्थापक आपल्या रोजकीर्दींत, म्हणजे 'लॉग'मध्यें करतो. म्हणून यंत्र पुनः उठल्यावर तो संदेश जागेवर सांपडतो. अटिकाऊ संदेशाची अशी नोंद होत नाहीं. त्याचें काम जलद होतें, परंतु यंत्र बंद पडून उठलें कीं साधारणतः तो नाहींसा होतो. बाजारभावाचा क्षणोक्षणीं बदलणारा आंकडा अटिकाऊ असला तरी चालेल, कारण पुढचा आंकडा लगेच येणार असतो. आईच्या औषधाचे पैसे असे धाडतां येणार नाहींत.

आतां परीक्षेंतला बारकावा पाहावा. आज्ञावलीच्या लेखकानें या गुणाविषयीं कांहींच लिहिलें नाहीं, तर मूळ आज्ञांच्या पद्धतींत तो गुण रांगेच्या व्याख्येवरून घेतला जातो, आणि रांगेच्या व्याख्येंत कोणी फेरफार केला नसेल तर तेथील मूळ मूल्य अटिकाऊचें आहे. उलट, 'जावा मेसेज सर्व्हिस' या प्रमाणित पद्धतीनें लिहिलेल्या आज्ञावलींत मूळ मूल्य टिकाऊचें आहे. दोन पद्धतींचीं मौनाचीं उत्तरें परस्परविरुद्ध आहेत. जो विद्यार्थी हा भेद जाणतो तो परीक्षेंत एक गुण मिळवितो. आणि कामावर गेल्यावर महत्त्वाचा गुण कधींहि मौनावर सोडीत नाहीं, स्पष्ट लिहितो. हा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा आहे.

संदेश टिकला म्हणजे सर्व भागलें असें नाहीं. वरील प्रसंगांत दोन कामें आहेत: मुलाच्या खात्यांतून वजावट, आणि संदेशाची रवानगी. पहिलें होऊन दुसरें राहिलें तर पैसे अधांतरीं राहतात; दुसरें होऊन पहिलें राहिलें तर बँकेला खोट बसते. म्हणून दोन्ही कामें एका गांठींत बांधतात. तिला 'युनिट ऑफ वर्क' म्हणतात. शेवटीं 'कमिट' म्हटलें कीं दोन्ही पक्कीं होतात, आणि 'बॅकआउट' म्हटलें कीं दोन्ही मुळीं झालींच नाहींत असें मानलें जातें. वजावट एका माहितीकोशांत आणि संदेश दुसऱ्या यंत्रणेंत असला, तर एक समन्वयक प्रथम दोघांनाहि "तयार आहांत काय?" असें विचारतो, आणि दोघांनीं होकार दिल्यावरच "करा" अशी आज्ञा देतो. यालाच द्विपायरी कमिट म्हणतात. लग्नांत दोन्ही पक्षांची संमति आल्यावांचून अक्षता पडत नाहींत, त्याचप्रमाणें हें आहे.

गांठींत बांधलेला संदेश कमिट होईपर्यंत इतरांस मिळत नाहीं. तथापि रांगेची खोली दाखविणारा आंकडा त्याला धरून मोजलेला असतो. म्हणून परीक्षेंत असा प्रश्न येऊं शकतो: रांगेची खोली १ दिसते, पण संदेश मागितला तर २०३३ मिळतो, याचें कारण काय? पाठांतर करणारा येथें अडखळतो, कारण दोन आंकडे एकमेकांस खोटे पाडीत आहेत असें त्याला वाटतें. समजून घेतलेला विद्यार्थी सांगतो कीं, संदेश ठेवला गेला आहे, पण ठेवणाऱ्यानें अजून कमिट केलेलें नाहीं. आणखी एक भेद येथें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. गांठ बांधावी कीं नाहीं हें आज्ञावलीनें सांगितलें नाहीं, तर मोठ्या 'मेनफ्रेम' संगणकावर संदेश गांठींत धरला जातो, आणि इतर यंत्रांवर गांठीबाहेर. तीच आज्ञावली, दोन यंत्रांवर दोन वर्तनें.

संदेश काढतांनाहि गांठ उपयोगी पडते. काढणारी आज्ञावली मध्येंच कोलमडली तर संदेश रांगेंत परत जातो, आणि तो किती वेळां परत आला याची संख्या पाकिटावर एकानें वाढते. ही सोय उत्तम आहे. परंतु संदेशाचा मजकूरच सदोष असेल तर आज्ञावली तो काढते, कोलमडते, तो परत जातो, ती पुनः काढते, पुनः कोलमडते, आणि हें रहाटगाडगें रात्रभर चालतें. मागचे शेंकडों चांगले संदेश खोळंबून राहतात. असल्या संदेशास व्यवहारांत 'विषारी संदेश' म्हणतात. किती परतीनंतर तो बाजूला काढावा आणि कोणत्या रांगेंत ठेवावा हें रांगेच्या व्याख्येंत लिहितां येतें. पण मूळ आज्ञांच्या पद्धतींत व्यवस्थापक तें आपण होऊन करीत नाहीं. आज्ञावलीनें ती संख्या वाचून स्वतः तें करावयाचें असतें. व्याख्येंत लिहिलें म्हणजे झालें, या समजुतीनें परीक्षेंत गुण जातात; कामावर झोंप जाते.

याहूनहि कठीण प्रसंग आहे तो अनिश्चिततेचा. आज्ञावलीनें "कमिट" म्हटलें, आणि होकार परत येण्यापूर्वींच जोडणी तुटली. कारण क्रमांक २००९. काम झालें कीं नाहीं? आज्ञावलीला तें कळण्यास त्या क्षणीं मार्ग नाहीं. तिनें संदेश पुनः धाडला आणि पहिलाहि गेलेला असेल, तर रत्नागिरीच्या खात्यांत दहा हजार जमा होतील. पुनः धाडला नाहीं आणि पहिला गेलेलाच नसेल, तर आई वाट पाहत बसेल. यावर यंत्रणेच्या कोणत्याहि एका आज्ञेंत संपूर्ण उपाय नाहीं. उपाय रचनेंत आहे. प्रत्येक व्यवहाराला धाडणाऱ्यानें एक अनन्य क्रमांक द्यावा, आणि घेणाऱ्यानें त्या क्रमांकाचा व्यवहार पूर्वींच झाला असल्यास दुसऱ्यांदा न करतां केवळ पोंच द्यावी. मग दोनदां धाडलें तरी एकदांच जमा होतें. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यानें या एका प्रसंगावर संबंध संध्याकाळ घालविली तरी ती सत्कारणीं लागली असें समजावें.

संदेश परगांवीं जावयाचा असेल तर तो आधीं 'ट्रान्समिशन क्यू' या रवानगीच्या रांगेंत थांबतो, आणि 'चॅनल' या वाटेनें पलीकडे जातो. वाटेच्या दोन्ही टोंकांस एक एक हरकाऱ्या असतो. दोघेहि अनुक्रमांक ठेवतात आणि पडताळून पाहतात, म्हणून मध्येंच तार तुटली तरी टिकाऊ संदेश हरवत नाहीं किंवा दुप्पट होत नाहीं. पलीकडे पोंचल्यावर ठरलेली रांगच नाहीं किंवा ती भरलेली आहे असें आढळलें, तर संदेश 'डेड लेटर क्यू'मध्यें, म्हणजे बेवारशी पत्रांच्या रांगेंत, कारणाच्या चिठ्ठीसह ठेवला जातो. अशी रांग नेमलेलीच नसेल, तर टिकाऊ संदेशापायीं सबंध वाट अडून राहूं शकते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो: धाडणाऱ्याला मिळालेलें "झालें" हें उत्तर केवळ आपल्या गांवच्या पेटींत पत्र पडल्याचें आहे, पत्र पोंचल्याचें नव्हे. पोंच हवी असेल तर पाकिटावर तशी मागणी करावी लागते, आणि तिचे दोन प्रकार आहेत: रांगेंत आल्याची पोंच, आणि कोणी काढून घेतल्याची पोंच. रजिस्टर पत्राची सही केलेली पोंचपावती ज्यांनीं हातांत घेतली आहे, त्यांना हा भेद निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

सर्वच निरोप एका माणसासाठीं नसतात. कांहीं दवंडीसारखे असतात. अशा वेळीं प्रसिद्ध करणारा एका विषयावर संदेश सोडतो, आणि त्या विषयाचे जे वर्गणीदार असतील त्या प्रत्येकाला त्याची प्रत मिळते. वर्गणी टिकाऊ असेल तर वर्गणीदार गैरहजर असतांनाहि त्याच्या नांवानें प्रती साठत राहतात. टिकाऊ नसेल तर तो उठून गेला कीं वर्गणी संपते. येथें वर्गणीचा टिकाऊपणा आणि संदेशाचा टिकाऊपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत; शब्द सारखे म्हणून अर्थ एक मानूं नये.

मराठी विद्यार्थ्याच्या जिव्हाळ्याचा एक मुद्दा अक्षरांच्या लांबीचा आहे. यंत्रणा लांबी बाइटांत मोजते, अक्षरांत नव्हे. 'यूटीएफ-८' या संकेतांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात; 'पुणे' या शब्दांत दोन अक्षरें आणि दोन मात्रा मिळून चार चिन्हें आहेत, म्हणून त्याला १२ बाइट लागतात. रोमन लिपींत तेंच नांव चार बाइटांत बसतें. रोमन नांवें गृहीत धरून जागा राखणाऱ्याच्या भांड्यांत मराठी नांव मावत नाहीं. मग काय होतें? साधारणतः २०८० हें कारण देऊन व्यवस्थापक संदेश रांगेंतच ठेवतो. परंतु "तुटलेला संदेश चालेल" असा पर्याय दिला असेल, तर २०७९ अशी केवळ सूचना येते, मावेल तेवढा भाग मिळतो, आणि उरलेला कायमचा जातो. मोठ्या संगणकांचा संकेत वेगळा असल्यामुळें मजकुराचें रूपांतरहि करावें लागतें. त्यासाठीं पाकिटावर संकेताचा क्रमांक खरा असला पाहिजे आणि काढणाऱ्यानें रूपांतराची मागणी केली पाहिजे. यूटीएफ-८चा तो क्रमांक १२०८ आहे.

आतां तयारीची पद्धति. परीक्षा घेणारी संस्था विषयपत्रक प्रसिद्ध करते, आणि कोणत्या भागास किती वजन आहे हेंहि त्यांत सांगितलेलें असतें. अभ्यासाचे दिवस त्या वजनानुसार वांटावेत; आवडत्या भागावर महिना आणि नावडत्यावर एक रात्र, ही शाळेपासूनची खोड येथेंहि नडते. दुसरी गोष्ट, हातानें प्रयोग करावे. विकासकांसाठीं या यंत्रणेची विनामूल्य आवृत्ति मिळते, आणि ती घरच्या संगणकावर बसवितां येते. दोन रांगा कराव्या. एकीचें मूळ मूल्य टिकाऊ ठेवावें, दुसरीचें अटिकाऊ. दोहोंत पांच पांच संदेश ठेवावे, व्यवस्थापक बंद करून पुनः सुरू करावा, आणि मोजावें. पहिलींत पांच आणि दुसरींत शून्य हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला मनुष्य जन्मांत विसरणार नाहीं. रांगेची मर्यादा मुळांत ५,००० असते. ती ५ करून सहावा संदेश ठेवावा, आणि २०५३ कसा येतो तें पाहावें. कमिट न करतां खोली पाहावी. चुकीच्या नांवाची रांग उघडावी. यंत्रणा कशी मोडते हें मुद्दाम मोडून पाहणें, हा या अभ्यासाचा अर्धा भाग आहे.

तिसरी गोष्ट, वही ठेवावी. प्रत्येक आज्ञेपुढें तीन रकाने असावे: मौन राखलें तर काय होतें, कोणत्या परिमाणांत मोजतात, आणि फसली तर संदेश कोठें असतो. परीक्षेचे प्रश्न बहुपर्यायी असतात. चार उत्तरांपैकीं दोन उघड चुकीचीं असतात, आणि उरलेल्या दोहोंत भेद करणारी गोष्ट बहुधा या तीन रकान्यांपैकींच एखादी असते. प्रश्नांत "दोन उत्तरें निवडा" असें असेल तर तें आधीं वाचावें. प्रश्नांतील यंत्र कोणतें, पद्धति मूळ आज्ञांची कीं जावाची, संदेश गांठींत आहे कीं बाहेर, हे शब्द अधोरेखित केल्यासारखे मनांत धरावे. उत्तर बहुधा तेथेंच वळण घेतें.

शेवटीं एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हें विवेचन पुरें होणार नाहीं. परीक्षेंतील प्रश्न चोरून जमविलेले संच बाजारांत विकले जातात, आणि कित्येक विद्यार्थी तेवढेच घोकून परीक्षेस बसतात. असें करणें परीक्षेच्या नियमांचा भंग आहे, आणि उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊं शकतें. त्यांतील उत्तरें पुष्कळदां चुकीचीं असतात, हें निराळेंच. परंतु खरी हानि याहून खोल आहे. घरची ओढाताण असते, बढती त्या कागदावर अडलेली असते, वरिष्ठ तारीख विचारीत असतो. त्या मोहाचें कारण समजण्याजोगें आहे. तरीहि पाठ केलेलें उत्तर परीक्षेच्या खोलीबाहेर येत नाहीं. मध्यरात्रीं जोडणी तुटते आणि दोनशें व्यवहार अनिश्चित राहतात, तेव्हां चार पर्याय समोर मांडणारा कोणी नसतो. त्या रात्रीं चूक झाली, तर ती ज्याच्या पदरांत पडते त्यानें ना परीक्षा दिलेली असते, ना या यंत्रणेचें नांव ऐकलेलें असतें. त्यानें फक्त आपल्या माणसाला पैसे धाडलेले असतात.

म्हणून अभ्यास करणाऱ्यानें प्रत्येक धड्याच्या अखेरीस पुस्तक मिटून स्वतःस एकच प्रश्न विचारावा: या क्षणीं निरोप कोणाच्या हातीं आहे, आणि आतां येथें दिवे गेले तर तो कोणाच्या हातीं राहील? ठेवणाऱ्याच्या, व्यवस्थापकाच्या, वाटेवरील हरकाऱ्याच्या, कीं घेणाऱ्याच्या? ज्याला याचें उत्तर प्रत्येक पायरीवर न चाचरतां देतां येतें, त्यानें परीक्षेस निर्धास्त बसावें. ज्याला तें येत नाहीं, त्यानें तारीख महिनाभर पुढें ढकलण्यांत कमीपणा मानूं नये.